नऊ नंबरशी कोण बोलणार

मयुरी घाबरली की ओढणीच्या टोकाला गाठ मारते. मारते, सोडते, पुन्हा मारते. तोंडावर मात्र काही दिसू देत नाही. त्या आठवड्यात तिच्या ओढणीचं टोक इतकं चुरगळलं होतं की शेवटी मीच म्हटलं, "बाई, एकतर घाबरणं सोड, नाहीतर ओढणी तरी जाड कापडाची घाल."

मी डिंपल. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया विणणाऱ्या एका कंपनीत मी एचआर बघते. एचआर म्हणजे काय ते भालोदच्या माझ्या सासूबाईंना आजवर समजलेलं नाही. "आमची सून माणसं कामावर ठेवते आणि काढते," असं त्या गल्लीत सांगतात, आणि त्यामुळे गल्लीतली निम्मी पोरं मला दिसेल तिथे नमस्कार घालतात. माझ्या हातात तसं काही नाही. मी रजा बघते, भांडणं सोडवते आणि शेठजींना जे ऐकायचं नसतं ते ऐकवते. माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते. मनातलं तोंडावर यायला माझ्याकडे वेळ लागत नाही. मयुरीसारखी मनात ठेवणारी माणसं बघितली की माझं डोकं फिरतं. तरी कंपनीत जेवायला मी तिच्याच शेजारी बसते.

मयुरी माहेरची शिरपूरकडची. बीएस्सी झाली आणि लग्न होऊन कुसुंब्याला आली. नवरा योगराज एसटीत कंडक्टर, सासू वच्छलाबाई, आणि सासरे तोतारामआबा. आबा आमच्याच कंपनीत, चटई विणायच्या मशीनवर, कंपनी उघडली तेव्हापासून. लग्नाला वर्ष होतंय तोच आबा टोपी हातात धरून शेठजींच्या केबिनबाहेर उभे राहिले आणि सुनेला कामावर घ्या म्हणून हटून बसले. घरात सासूची कुरकुर, भावकीत बोलणी, पण आबांनी कुणाचं ऐकलं नाही. मयुरी तयार माल तपासायच्या टेबलावर लागली, आणि पुढे पहिल्या शिफ्टची सुपरवायझर झाली.

बाई हुशार आहे, यात शंका नाही. उंच, सडपातळ, चालणं भराभर, आणि आवाज असा की चाळीस मशीनच्या खडखडाटावरून पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचतो. माणसं सांभाळायची तिची रीत मला नेहमी चकित करते. मे महिन्यात दाराजवळच्या मशीनवर कोण बसणार यावरून दोघांची हातघाई झाली होती. दाराजवळ जरा वारा लागतो, बाकी शेडमध्ये भट्टी. मी असते तर दोघांनाही मेमो दिला असता. मयुरीनं दोघांचं ऐकून घेतलं, आठवड्याची पाळी लावून दिली, आणि स्वतःचं टेबल उचलून सगळ्यात तापलेल्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. त्यानंतर वाऱ्यावरून कुणी तोंड उघडलं नाही.

पण तिच्या शिफ्टमध्ये एक माणूस असा होता की त्याच्याशी ती एक शब्द बोलत नसे. नऊ नंबरच्या मशीनवरचे तोतारामआबा.

घरात ती आबांसमोर डोक्यावर पदर घेते. त्यांच्यापुढे खुर्चीवर बसत नाही. जेवायला वाढलंय हे सांगायचं तरी सासूच्या तोंडून. सासऱ्याचं नाव तर घ्यायचंच नाही. आता कारखान्यात हजेरी घ्यायची तर नाव घ्यावं लागणार. मग तिनं काय करावं? सगळ्या शिफ्टची नावंच बंद केली. "एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर," अशी मशीनच्या नंबरानं ती हाक मारायला लागली. शेठजी खूश झाले. काय शिस्त आणली पोरीनं, म्हणाले. मी हसू दाबत खाली मान घालून उभी राहिले होते.

आणि आबांना कामातलं काही सांगायचं असलं की ती आठ नंबरला सांगायची. आठ नंबरवर हिलाल. पाळधीचा, चाळिशीतला, तोंडाचा फाटका पण हाताचा चांगला माणूस. "आठ नंबर, रंग बदला!" म्हणून मयुरी ओरडली की हिलाल जागचा हलत नसे आणि नऊ नंबरवर आबा मुकाट्यानं रंग बदलायचे. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे सूनच बोलत होती आणि लागायचं ते सासऱ्याला. सगळ्या शेडला हे माहीत होतं. हिलालला दिवसातून चार वेळा फुकटची बोलणी बसायची आणि तो तंबाखू मळत हसायचा. नवीन माणूस लागला की त्याला आधी हेच समजावून सांगितलं जायचं.

असं सगळं बरं चाललं होतं, आणि शेठजींनी दुसरी शेड बांधायला काढली. तिथे मॅनेजर लागणार. बाहेरून माणूस आणण्यापेक्षा मयुरीला बघू, असं ठरलं. पण शेठजींच्या मुलानं कुठल्याशा शिबिरात ऐकलं होतं की मॅनेजर असा डोळे मिटून नेमायचा नसतो, त्याची रीतसर पारख करून घ्यायची. त्यासाठी नाशिकहून एक साहेब बोलावले. प्रेमराज सर. मूळचे धुळ्याचे, देवपूरचे. बोलायला मऊ, डोळ्यांनी कडक. दोन दिवस येणार, मयुरीला काम करताना बघणार, प्रश्न विचारणार आणि मग सांगणार की ही बाई मॅनेजर व्हायच्या लायकीची आहे की नाही.

मॅनेजरला काय काय यायला हवं ते त्यांनी आधी कळवलं होतं. स्पष्ट बोलणं. सगळ्यांना एका मापानं मोजणं. माणसांच्या जिवाची काळजी घेणं. नको असलेली गोष्ट वेळेवर सांगणं. मी मयुरीला हे वाचून दाखवलं आणि म्हटलं, "तुला तर सगळंच येतं." तिनं ओढणीला गाठ मारली. मला वाटलं, परीक्षेची भीती असेल. शाळेत पहिल्या बाकावरची पोरं अशीच घाबरतात.

पहिल्या दिवशी प्रेमराज सर सकाळपासून शेडमध्ये उभे. हात मागे, काही बोलत नाहीत, नुसते बघतात. सगळी शिफ्ट अंग चोरून काम करत होती. मयुरी मशीनमधून फिरत होती, पण तिचं लक्ष सारखं नऊ नंबरकडे. मीही मग तिकडे बघायला लागले, आणि पहिल्यांदा मला दिसलं की हिलाल स्वतःच्या मशीनवर कमी आणि नऊ नंबरच्या डाव्या अंगालाच जास्त असतो. विणताना प्लॅस्टिकची तार तुटते. तुटली की लगेच मशीन थांबवून जोडावी लागते, नाहीतर चटईत मोकळी रेघ पडते. आबांच्या डाव्या बाजूची तार तुटली की आबा तसेच विणत राहायचे, आणि हिलाल हात लांब करून त्यांचं मशीन थांबवायचा, तार जोडायचा, परत आपल्या जागी.

दुपारच्या आधी एकदा हिलाल पाणी प्यायला गेला. नेमकी तेव्हाच तार तुटली. आबांना काहीतरी अडल्यासारखं वाटलं असावं. त्यांनी डावा हात चाचपडत पुढे नेला, मशीन चालू असताना, फिरत्या पट्ट्याच्या अंगाला. मयुरी किंचाळली, "आठ नंबर! डावीकडे बघा! हात मागे!"

आठ नंबरवर कुणीच नव्हतं. आबांनी हात मागे घेतला. प्रेमराज सरांनी आठ नंबरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग मयुरीकडे, आणि काहीतरी टिपून घेतलं.

जेवणानंतर त्यांनी मला विचारलं, "हा आठ नंबरवाला फारच वाईट कामगार आहे का हो? सकाळपासून त्याच एकट्याला बोलणी बसताहेत."

मी म्हटलं, "तसं काही नाही, सर," आणि चहाचं बघते म्हणून सटकले. खोटं बोलायची मला सवय नाही, खरं बोलायची ती जागा नव्हती.

संध्याकाळी निघताना सरांनी मयुरीला उद्याचं काम सांगितलं. "तुमच्या शिफ्टमधला असा एक माणूस निवडा, ज्याच्याशी कामाबद्दल बोलणं सगळ्यात गरजेचं आहे आणि जे तुम्ही आजवर टाळत आलात. उद्या सकाळी त्याला मीटिंगच्या खोलीत बोलवा आणि माझ्यासमोर ते बोलणं करा. नाटक नको, खरं बोलणं. डिंपल मॅडमही बसतील. तुम्ही निवडाल तोच माणूस, मी नाव सुचवणार नाही."

गेटबाहेर नीमाखाली तिची स्कूटी लावलेली असते. तिथे तिनं मला थांबवलं. आबा रोज तिच्या मागे बसून घरी जातात. त्या दिवशी तिनं त्यांना एका रिक्षावाल्याबरोबर पुढे पाठवलं होतं, तेही हिलालच्या तोंडून निरोप देऊन.

"मी हिलालला बोलावते," ती म्हणाली.

"कशासाठी? तंबाखूसाठी?"

"तंबाखू आहे. उशिरा येतो. आणि माल."

"माल कुणाचा?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "मयुरी, मी आज बघितलं. कधीपासून आहे हे?"

तिनं ओढणीनं स्कूटीचा आरसा पुसला. मग म्हणाली, "मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं. बाकीच्यांची चटई कुठेही खराब होते. आबांची फक्त डाव्या काठाला. दर वेळी डावाच काठ. घरातही डावीकडच्या चौकटीला खांदा आपटतो. पाण्याचा तांब्या डावीकडे ठेवला तर हात फिरवत राहतात."

"आणि तू काय केलंस?"

"डावा काठ कापून चटई अरुंद करून घेतली. हलक्या मालात घातली. हिलालला सांगितलं, तिकडे लक्ष ठेवा."

"त्यांना काय सांगितलंस?"

"मी त्यांना कसं सांगणार?" ती एकदम चिडून म्हणाली. "मी सून आहे. त्यांनी मला इथे आणलं. सगळी भावकी नाही म्हणत असताना त्यांनी मला नोकरीला लावलं. आणि मी उद्या त्यांना साहेबासमोर खुर्चीत बसवून सांगू की तुम्हाला दिसत नाही, मशीनवरून उठा? मशीन गेलं की ते पॅकिंगला जाणार. तिथे सगळ्या बायका. सासूबाई काय म्हणतील? सासऱ्याला उठवून स्वतः मॅनेजर झाली म्हणतील. जन्मभर म्हणतील."

"आणि त्यांचा हात गेला म्हणजे काय म्हणतील?"

मला तिच्या दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं आणि तिला जवळ घ्यावं असंही वाटलं. दोन्हीतलं काही मी केलं नाही. मी एवढंच म्हटलं की हिलालला बोलावलंस तर परीक्षा पास होशील आणि नंतर आरशात बघवणार नाही. ती स्कूटी सुरू करून निघून गेली. घरी जाऊन मी नवऱ्याशी उगाचच भाजीवरून भांडले.

सकाळी मी मीटिंगच्या खोलीत जाऊन बघते तर खुर्चीत हिलाल बसलेला. स्वच्छ शर्ट, केसांना तेल. मला बघून त्यानं हात जोडले. मयुरी समोर बसली होती, पाठ ताठ, हात टेबलाखाली. हात काय करताहेत ते मला न बघताच कळत होतं. प्रेमराज सर कोपऱ्यात पेन घेऊन बसले होते.

मयुरीनं सुरुवात चांगली केली. हिलालच्या हाताचं कौतुक केलं. मग उशिरा येण्याबद्दल बोलली. हिलालनं कान पकडले. तंबाखूबद्दल बोलली. हिलाल म्हणाला, सोडतो, आखाजीच्या सणापासून सोडतो. सर लिहीत होते. सगळं बरोबर चाललं होतं, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मग ती म्हणाली, "आणि मालाचं, हिलालभाऊ. डाव्या काठाला रेघा पडताहेत."

हिलालचं हसू गेलं. त्यानं सरांच्या पेनाकडे पाहिलं. मग मयुरीकडे.

"ताई," तो अहिराणीत म्हणाला, "उशीरनं बोला, तंबाखूनं बोला. ते मनं शे, मी ऐकी लेस. पन माल मना नही."

"हिलालभाऊ..."

"शेडमा तुम्ही माले बोलतस, ते चालस. तठे बठ्ठासले माहीत शे ते कोनले शे. माले बी मना बापले तोंडवर बोलता उनं नसतं, म्हनीसन मी हसीसन सोडी देस. पन आठे, ह्या खोलीमा, सायेब लिखी राहिनात. आठे माले बोलशात, ते ते मनंच व्हई जाई. माले दोन आंडेरी शेतस, ताई."

दोन लेकींचा बाप, पण तो रागावला नव्हता. तेच जास्त वाईट होतं. प्रेमराज सरांनी लिहिणं थांबवलं होतं. ते धुळ्याचे. त्यांना शब्द न् शब्द कळला असणार. पण त्यांनी मदत केली नाही. ते मयुरीकडे बघत राहिले, आणि मला त्या क्षणी त्या माणसाचा संताप आला. बोल ना काहीतरी, असं मनात म्हणत होते. कुणाला म्हणत होते, तेही कळत नव्हतं.

मयुरीनं दोन्ही हात टेबलावर घेतले. ती उठली. "सर," ती म्हणाली, "मी चुकीच्या माणसाला बोलावलं. हिलालभाऊंच्या मालात काही खोट नाही. ते जे लिहिलंत ते खोडा. ज्यांना बोलवायला हवं होतं, त्यांना आणते."

"कुणाला तरी पाठवा," सर म्हणाले.

"नाही. मीच जाते."

खोलीला काचेची खिडकी आहे, तिथून शेड दिसते. मी आणि हिलाल दोघेही खिडकीशी जाऊन उभे राहिलो. ती मशीनमधून चालत गेली आणि नऊ नंबरच्या डाव्या बाजूला जाऊन थांबली. आबा विणत होते. सून हातभर अंतरावर उभी, आणि त्यांना पत्ता नाही. ती तशीच उभी राहिली. मग मशीनला वळसा घालून उजवीकडे आली आणि तिनं स्वतःच्या हातानं मशीन बंद केलं. आबांनी दचकून वर पाहिलं. तिचे ओठ हलले. काय बोलली ते काचेतून ऐकू येणार नव्हतं, पण ती त्यांच्याशी बोलली. आजूबाजूच्या माणसांनी माना वळवल्या.

हिलाल माझ्या शेजारी पुटपुटला, "बोलनी रे बाबा."

आबा आत आले. टोपी काढावी की ठेवावी ते त्यांना कळेना. हिलाल बाहेर निघून गेला. सरांनी "बसा, आबा," म्हटलं. आबा बसेनात, कारण समोर साहेब. मयुरी बसेना, कारण समोर सासरे. दोघंही टेबलाच्या दोन बाजूंना उभे. शेवटी सर म्हणाले की तुम्ही दोघं बसत नाही तोवर मीही उभाच राहतो. तेव्हा आबा खुर्चीच्या कडेला टेकले आणि मयुरी त्यांच्यासमोर खुर्चीवर बसली. डोक्यावरची ओढणी तिनं सावरली. आवाज तिचा तो नव्हताच, शेडभर पोचणारा. मला कान देऊन ऐकावं लागलं.

"आबा, तुमना डावा हातकडना तार तुटस, तो तुमले दखास नही," ती म्हणाली. "आजनं नही हाई. वरीसभर झायं. काल तुमना हात पट्टामा जाता जाता वाचना. मी तुमले नऊ नंबरवर ठेई सकत नही."

आबा टेबलाकडे बघत होते. म्हातारा आता उठून जाणार, असं मला वाटलं. किंवा ओरडणार. त्यांचा जबडा हलत होता.

"हाई तू घरमा काब्र नही सांगं?" त्यांनी विचारलं.

"घरमा माले तुमना समोर बोलता येस नही, आबा."

"आन् आठे?"

"आठे बी येत नव्हतं. पन आठे ते मनं काम शे."

आबांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. सरांकडे किंवा माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"कधी कधी तार निसटी जास असं माले वाटे," ते सावकाश म्हणाले. "पन मी म्हनू, तपासाले मयुरी शे. तुनी नजर पक्की, म्हनीसन ते तुले आठे लावं व्हतं मी. काही चुकनं ते तू सांगशीच. तू काही बोलनी नही, म्हनीसन मी समजनू, मनं काम बराबर शे."

मयुरीनं मनाची तयारी करून आणलेली सगळी वाक्यं तिथेच संपली. रागाची तयारी होती तिची, रुसव्याची होती, आता हे काय घेऊन बसले आबा? आणि ते खरं होतं. वर्षभर ज्याला ती मान म्हणत होती, त्याला हा माणूस पसंती समजत आला होता. मला तिची दया आली. आबांची त्याहून जास्त आली.

"मंग आते मी काय करू?" आबांनी विचारलं. टोमणा नव्हता त्यात. कामगार सुपरवायझरला विचारतो तसंच विचारलं.

"आज मशीनवर जायचं नाही," ती म्हणाली. अहिराणी सोडून ती एकदम ऑफिसातल्या मराठीवर आली, बहुधा त्याशिवाय तिला बोलताच आलं नसतं. "आधी डोळे दाखवायचे. मी येते बरोबर. मग पॅकिंगला बसायचं की नाही ते तुम्ही सांगा. पण नऊ नंबर नाही."

आबांनी मान हलवली. निघताना दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागला, आणि यावेळी ती लगेच म्हणाली, "आबा, डावीकडे."

प्रेमराज सरांनी जाण्याआधी तिला एकच प्रश्न विचारला. हे बोलणं वर्षापूर्वी झालं असतं तर काय वेगळं झालं असतं? मयुरी म्हणाली, माहीत नाही सर. ते म्हणाले, "ते आधी शोधून काढा." त्यांचा हा सल्ला मला तेव्हा उगाच मोठेपणाचा वाटला होता.

दोन दिवसांनी आम्ही आबांना जळगावातल्याच एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. योगराज ड्युटीवर होता. वच्छलाबाईंनी घरून निघताना सुनेकडे बघितलंही नाही, असं मयुरी म्हणाली. कंपनीची गाडी होती म्हणून मीही गेले. खरं तर माझ्या फोनवर सकाळीच सरांचा निकाल आला होता. मयुरीला मॅनेजर करा, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं. कठीण गोष्ट सांगायला ती उशीर करते, त्यावर काम हवं, असंही लिहिलं होतं. तपासणी झाली की तिला सांगू, बाहेर उसाचा रस पाजू, असा माझा बेत होता.

डॉक्टर तरुण होते. कुठलीकुठली यंत्रं लावून त्यांनी आबांचे दोन्ही डोळे बराच वेळ तपासले. आबांना ठिपके दाखवून बटण दाबायला लावलं. मयुरी भिंतीशी उभी होती. आबा बसलेले असताना न बसायची सवय एका दिवसात जात नाही. ओढणीच्या गाठीचा पार गोळा झाला होता.

"काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाले. "मोतीबिंदू नव्हे, की ऑपरेशन केलं आणि दिसायला लागलं. याच्यात गेलेली नजर परत येत नाही. डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्यात आता सुरुवात आहे. तो थेंबांनी वाचेल."

"डावाले काहीच नही?" आबांनी विचारलं.

"नाही, बाबा. वर्षभर आधी आला असतात तर डावाही बराच वाचवता आला असता." डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, पण नवल होतं. "हे दुखत नाही, त्यामुळे पेशंटला स्वतःला कळत नाही, ते मी समजू शकतो. पण बरोबरच्या माणसांना कळतं. अडखळणं, आपटणं. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

मी मयुरीकडे पाहिलं नाही. पाहवलंच नाही. ते डाव्या काठांचे कापलेले तुकडे माझ्या डोळ्यांपुढे आले.

आबा खाकरले. "कोनलेच माहीत नव्हतं, डॉक्टर," ते घाईघाईनं म्हणाले. "घरमा कोनलेच नही. मीच सांगं नही. मीच दडाई ठेवं. सूनले ते अजिबात माहीत नव्हतं."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते थेंबांची नावं लिहायला लागले. विषय संपला होता. म्हाताऱ्यानं सगळं स्वतःवर घेऊन तिला सोडवलं होतं, आणि कुणाचंच त्यात काही बिघडत नव्हतं. गेलेला डोळा काही परत येणार नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मला मनापासून वाटलं की या बाईनं आता गप्प बसावं. देवा, हिला गप्प बसू दे, असं मी अक्षरशः म्हटलं.

मयुरी भिंत सोडून पुढे आली आणि आबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"डॉक्टर, आबा खोटं बोलताहेत," ती म्हणाली. "मला माहीत होतं. वर्षभर."